खडखडाटातला एक ठोका

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत जॉबरच्या, म्हणजे माग नीट चालते ठेवणाऱ्या मिस्त्रीच्या, हाताखाली लागलास, बरं झालं. पान्हा कसा धरायचा, बीम कसा चढवायचा, तुटलेली तार कशी सांधायची, हे तुला तिथली माणसं दाखवतील. ऐकायचं कसं, हे मात्र कुणी दाखवणार नाही. विचारलंस तर म्हणतील, "कळतं की हळूहळू." कळतं खरं, पण त्यात वर्षं जातात, आणि तोवर कान जातो. मी जन्म मागांवर काढला. आता घरी बसल्यावर तुझी आत्या, कानाच्या तपासण्या करणारी, तिच्या अभ्यासातलं काहीबाही मला सांगत असते. आम्ही जे सवयीनं करत होतो त्यामागं शास्त्र आहे, हे तिच्याकडून कळलं. तिचं आणि माझं, दोन्ही एकत्र करून सांगतो.

मुळातली गोष्ट एवढीच. शेडमध्ये वीस माग चालू असले तरी तुझ्या कानाच्या पडद्यावर वीस आवाज येत नाहीत. हवेची एकच थरथर येते, सगळं त्यात कालवलेलं. हा चौथ्या मागाचा ठोका, ही मोटार, ही पलीकडची कांडी मशीन, अशी वाटणी डोकं करतं. काही वाटणी आपण न सांगता होते: एकाच वेळी सुरू होणारे आवाज एकात जातात, उंच आणि खर्जातले वेगळे पडतात. उरलेली वाटणी तू लक्ष कुठं लावतोस त्यावर ठरते. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाचे अल्बर्ट ब्रेगमन यांनी १९९० साली या विषयावर जाडजूड पुस्तक लिहिलं, त्यातही या दोन वाटण्या वेगळ्या मांडल्या आहेत. तेव्हा गोंगाट कमी होण्याची वाट बघत बसू नकोस, तो होणार नाही. काय ऐकायचं ते आधी ठरव.

आधी एकट्याचा आवाज ऐकून ठेव

पाळी सुरू होताना किंवा गेलेली वीज परत आल्यावर सगळे माग एकदम चालू होत नाहीत. ती दोन-चार मिनिटं चहात घालवू नकोस. ज्या मागाबद्दल शंका आहे तो पहिला चालू करायला सांग आणि त्याच्यापाशी उभा राहा. त्याचा ठोका, त्याची घरघर, धोटा पेटीत बसताना होणारा आवाज, सगळं एकदा मोकळं ऐकून घे. मग बाकीचे माग चालू होऊ देत. मघाशी ऐकलेला आवाज तुला त्या गर्दीतही सापडेल. आधी ऐकला नसतास तर सापडला नसता.

ही युक्ती जुनी आहे. जर्मन शास्त्रज्ञ हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८६३ च्या आपल्या ग्रंथात हेच सांगितलंय: एका स्वराच्या पोटात दडलेला बारीक स्वर ऐकायचा असेल, तर तो बारीक स्वर आधी सुटा, हळू वाजवून ऐका, लक्ष तिथंच धरून ठेवा आणि मग मोठा स्वर वाजवा. आपल्याकडं गाणं शिकवणारे हे वेगळ्या रीतीनं करतात. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून गंधार निघतो, पण नवख्या पोराला तो ऐकू येत नाही. गुरू आधी गंधार गाऊन दाखवतात, मग तार छेडतात. तार तीच, कानही तेच, आणि पोराला गंधार ऐकू येतो.

सगळ्या आवाजाला एक प्रश्न विचारू नकोस

"मागाला काय झालंय?" असा प्रश्न घेऊन उभा राहिलास तर तुला नुसता खडखडाट ऐकू येईल. प्रश्न बारीक कर. "वेगळा आवाज किती वेळानं येतो?" एवढंच विचार.

धोट्याच्या मागात वरचा क्रँकशाफ्ट एका आडव्या धाग्यामागं एक फेरा घेतो. खालचा शाफ्ट त्याच्या निम्म्या गतीनं फिरतो, कारण एकदा डावीकडून मार बसतो, एकदा उजवीकडून. म्हणून खोड असलेला आवाज प्रत्येक ठोक्याला येत असेल तर क्रँककडं बघ, फणीच्या चौकटीकडं बघ. एकाआड एक ठोक्याला येत असेल तर एका बाजूचा मार, धोट्याला ढकलणारा त्या बाजूचा पिकर, त्या बाजूची पेटी, नाहीतर खालच्या शाफ्टचा दात. ठोक्याशी काहीच मेळ नसलेली टकटक असेल तर पट्ट्याचा जोड किंवा मोटारीचं बेअरिंग. चादरीच्या जकार्डवर बऱ्याच धाग्यांनी एकदा, पण ठरल्या जागीच येत असेल, तर वरच्या पुठ्ठ्यांच्या माळेकडं मान वर कर.

पायानं ठोका धर. जमिनीवर टाच आपटत मोज, एक-दोन, एक-दोन. खोड "एक"वर पडते की "दोन"वर, हे धरलंस की बाकीचे माग आपोआप मागं सरतात. लक्षाला लय दिली की ते घसरत नाही.

थांब, लगेच हलू नकोस

नवं पोरगं मागापाशी येतं, एक क्षण कान देतं, पुढच्याकडं जातं, परत येतं. अशानं काही हाती लागत नाही. आवाज वेगळे व्हायला वेळ लागतो, थोडाथोडका नव्हे, काही सेकंद. प्रयोगशाळेत उंच-खाली-उंच असे सूर भरभर वाजवतात. सुरुवातीला ते दुडक्या चालीनं एकत्र पळताना ऐकू येतात, आणि थोड्या वेळानं उंच सुरांची एक रांग आणि खालच्यांची दुसरी अशी फूट पडते. केंब्रिजच्या रॉबर्ट कार्लियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवलं की, पहिले दहा सेकंद ऐकणाऱ्याचं लक्ष दुसऱ्या कानातल्या कामाला जुंपलं, तर ही फूट वेळेवर पडत नाही. लक्ष इकडं आणल्यावर जणू पहिल्यापासून सुरुवात होते. म्हणजे सूर कानात पडत होते, पण वाटणी पुरती होत नव्हती.

तेव्हा उभा राहा. मनात वीसपर्यंत मोज. मध्ये कुणी हाक मारली, मोबाईल वाजला, तर परत एकपासून.

आणखी एक सांभाळ. शेजारच्या दोन मागांची गती अगदी थोडी वेगळी असते. त्यामुळं त्यांचे ठोके मध्येच जुळतात, थोडा वेळ एकच मोठा माग चालल्यासारखं वाटतं, मग परत सुटतात. जुळलेल्या वेळात निदान करू नकोस. तेव्हा कितीही लक्ष दिलंस तरी दोन माग वेगळे करता येणार नाहीत, आणि दोष एकाचा असला तरी दुसऱ्याचा वाटेल. ठोके सुटेपर्यंत थांब.

जागा बदल, मान वळव

दोन कान दिलेत ते चष्मा अडकवायला नाहीत. डावीकडचा आवाज डाव्या कानात आधी पोचतो आणि उजव्यात सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळानं नंतर. तेवढ्या फरकावर डोकं दिशा ओळखतं, आणि दिशा कळली की लक्षाला धरायला जागा मिळते. पत्र्याच्या शेडमध्ये आवाज छतावरून, भिंतीवरून परत येतो आणि दिशा पुसून टाकतो. म्हणून मागाच्या जवळ जा. दोन पावलं डावीकडं सरक, मान थोडी फिरव, मागची रांग पाठीशी घे. एका जागी खांबासारखं उभं राहून ऐकणारा जॉबर मला तरी चांगला दिसला नाही.

एका कानात कापूस घालून हिंडणारे तुला दिसतील. त्यानं दिशा तर जाते, आणि साध्या कापसानं कानही वाचत नाही. घालायचं तर दोन्ही कानांत, आणि नीट इअरप्लग. प्लग घातल्यावर माग ऐकू येणार नाही असं सगळे म्हणतात. प्लगनं सगळंच खाली येतं, आतला फरक बराचसा राहतो. चांगल्या कानाच्या माणसाला मोठ्या गोंगाटात प्लग घालूनही बोलणं तितकंच कळतं, कधी जास्त स्पष्ट कळतं. आठवडाभर घालून बघ, कान नव्या मापाला सरावतो.

लक्ष एकच आहे, ते दोघांना वाटू नकोस

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातले कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये लोकांच्या दोन कानांत दोन वेगळी भाषणं सोडली आणि सांगितलं, एका कानातलं ऐकून लगेच मोठ्यानं म्हणत राहा. लोकांनी ते केलं. दुसऱ्या कानात काय चाललं होतं? कुणीतरी बोलत होतं, बाईचा आवाज होता की पुरुषाचा, एवढंच त्यांना सांगता आलं. शब्द एकही नाही. त्या कानातली इंग्रजी मध्येच जर्मन झाली, तेही कळलं नाही. आपल्या सोलापुरात बघ, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला तेलुगू, मागं कन्नड, आणि आपण सगळं ऐकतोय असं वाटतं. ऐकत एकच असतो. बाकीचं नुसतं वाजत असतं.

यातून कारखान्यात तीन गोष्टी पाळ. माग ऐकत असताना कुणाचं काम ऐकून घेऊ नकोस. "थांब" म्हणून हात दाखव आणि नंतर ऐक. दुसरं, कुणाला सांगायचं असेल तर आधी मागाचा नंबर, मग गोष्ट. "सात नंबर, डावी पेटी." लांब वाक्य गोंगाटात विरून जातं, आणि समोरच्याची घरची भाषा कोणती ते बघून त्या भाषेत सांगितलंस तर अर्ध्या आवाजात पोचतं.

तिसरी गोष्ट हातापायाची आहे. आपलं नाव कुठूनही ऐकू येतं असं लोक समजतात. नेव्हिल मोरे यांनी १९५९ मध्ये हे तपासलं. लक्ष नसलेल्या कानात नाव घेतलं तर साधारण तिघांत एकालाच कळलं. म्हणजे दोघांना नाही. माग चालू करताना पलीकडच्याला नुसती हाक मारून भागत नाही. तो वाकलेला असेल, हात आत असेल, लक्ष तारेत असेल. त्याचा चेहरा दिसला पाहिजे, त्यानं हात वर केला पाहिजे, मगच दांडा ओढायचा. उडालेला धोटा ओरडून थांबत नाही, त्याला जाळीच लागते. जाळी काढून ठेवलेल्या मागापुढं उभाच राहू नकोस, मालक काही म्हणो.

हळूहळू बदलणारं कानाला कळत नाही

माग एकाएकी बंद पडला तर शेडच्या दुसऱ्या टोकाचा माणूसही वळून बघतो. बदल अचानक झाला की लक्ष स्वतःहून तिकडं धावतं. पण पिकर रोज केसभर झिजतो, बेअरिंग रोज थोडं कोरडं होतं. कालच्यापेक्षा आज वेगळं काहीच वाटत नाही, आणि एक दिवस माराची काठी मोडते. हा फसवा भाग आहे. रोज त्याच मागावर असणाऱ्यालाच तो सगळ्यात उशिरा कळतो.

यावर उपाय दोन. नवा बीम चढवल्यावर, तेल-पाणी झाल्यावर मागाचा आवाज मोबाईलवर घेऊन ठेव. पुढचा बीम चढला की परत घे आणि दोन्ही लागोपाठ, शांत जागी ऐक. आमच्या वेळी ही सोय नव्हती. दुसरा उपाय जुना: सुट्टीवरून परत आलेल्या माणसाला विचार, "कसा वाटतो?" त्याचा कान ताजा असतो.

तुझ्या शेडमध्ये टॉवेलचे रॅपिअर मागही आहेत, त्यांत धोटा नाही. तार तुटली की दिवा लागतो, माग थांबतो. म्हणून ऐकायचं कामच संपलं असं समजू नकोस. दिवा तार तुटल्याचं सांगतो. ती घटकेघटकेला का तुटते, कुठलं बेअरिंग बोलायला लागलंय, हे अजून माणसालाच ऐकावं लागतं. आणि रॅपिअरची गती जास्त, म्हणून घाई आणखी कमी कर.

ऐकलेल्यावर लगेच विश्वास ठेवू नकोस

लक्षाचा एक दुर्गुण आहे. ते जे शोधायला निघतं ते त्याला सापडतं, नसलं तरी. "पिकर गेलाय" असं कुणी आधी सांगितलं की तुला पिकरच ऐकू येईल. म्हणून शंका घेऊन आलेल्या माणसाला सांग, आधी बोलू नकोस, मला ऐकू दे. मग दोघांनी वेगवेगळं सांगा. जुळलं तर ठीक.

जुळलं तरी दुसरी साक्ष काढ. मागाच्या स्थिर सांगाड्यावर तळहात ठेव. हलणाऱ्या भागाजवळ नाही. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक सांगाड्याच्या पक्क्या भागाला, बेअरिंगच्या घराला टेकव आणि मूठ कानामागच्या हाडाला लाव, त्या जागेचा आवाज सरळ आत येतो. मग कापड बघ. दोष कापडात ठरावीक अंतरानं दिसतो का? कान, हात आणि कापड, तिघं एक बोलले तरच पान्हा उचल.

कारखान्याबाहेर सराव कर

सरावाला सोलापूरसारखं गाव नाही. गणपतीत लेझमीचं पथक रस्त्यावर उतरतं तेव्हा शेकडो लेझमींच्या झणत्कारात एक हलगी शोध. सापडली की ती धरून ठेव, डाव बदलेपर्यंत सोडू नकोस. मग हलगी सोड आणि ढोलाचा खर्ज धर. लक्ष एकाकडून दुसऱ्याकडं न्यायला किती वेळ लागतो ते तुझं तुला कळेल. संक्रांतीत सिद्धेश्वराच्या यात्रेला सात नंदीध्वज निघतात, त्यांच्या पुढंमागं वाद्यं असतात. एका कोपऱ्यावर उभं राहून येणाऱ्याचं वाद्य जवळ येताना आणि गेलेल्याचं लांब जाताना, दोन्ही वेगळं ऐकायचा प्रयत्न कर.

आमच्या लहानपणी हा सराव फुकट मिळायचा. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, जाम मिल, सगळ्यांचे भोंगे. ज्या घरचा माणूस ज्या गिरणीत, त्या घराला तो भोंगा झोपेतही कळायचा आणि दुसऱ्यांचे भोंगे वाजले तरी कूस बदलली जायची नाही. गिरण्या बंद झाल्या, भोंगे गेले.

कान शाबूत असेल तरच लक्षाचा उपयोग

हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून मुद्दाम उशिरा सांगतोय, की लक्षात राहील. लक्ष कितीही तयार असलं तरी कानानं आत आणलेल्यातूनच ते वाटणी करणार. कारखान्यांच्या नमुना नियमांत ९० डेसिबल आवाजात दिवसाला ८ तासच काम सांगितलंय, ९५ असेल तर ४ तास, १०० असेल तर २ तास. पाच डेसिबल वाढले की वेळ निम्मा. धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये ९० ओलांडणं रोजचंच आहे, आणि पाळी काही निम्मी होत नाही. म्हणून प्लग.

गोंगाटानं बहिरेपण येतं ते आधी ४,००० हर्ट्‌झच्या आसपास येतं. तेव्हा माणूस म्हणतो, "मला चांगलं ऐकू येतं." आवाज ऐकू येतो, शब्द ऐकू येत नाही. स, श, फ ही बारीक अक्षरं गळतात. घरात एकट्याशी बोलताना दोष जाणवत नाही, लग्नघरात बसलं की सगळ्यांची तोंडं नुसती हलताना दिसतात. कानातल्या ज्या बारीक तंतूंवर सूर वेगळे पडतात तेच झिजलेले असतात, मग लक्ष धरणार काय? पाळी संपल्यावर कानात शीळ वाजत असेल, माणसांचे आवाज गोधडीआडून आल्यासारखे वाटत असतील, तर ती सूचना समज. सकाळी बरं वाटलं म्हणून सोडून देऊ नकोस. वर्षातून एकदा कान तपासून घे, आलेख जपून ठेव आणि मागच्या वर्षीच्या शेजारी ठेवून बघ.

आणि जुन्या माग-कामगारांशी बोलताना तेवढं भान ठेव. टीव्ही बंद कर, समोर ये, तोंडावर उजेड राहू दे, आधी "काका" म्हण, त्यांनी बघितलं की मग गोष्ट सांग. ओरडू नकोस. ओरडल्यानं आवाज मोठा होतो, अक्षरं स्पष्ट होत नाहीत. आणि त्यांना दमल्यासारखं वाटलं तर समजून घे. झिजलेल्या कानानं गर्दीत ऐकणं हे अंगमेहनतीचं काम आहे.

शिकवताना उत्तर सांगू नकोस

उद्या तुझ्या हाताखाली पोरगं येईल. त्याला मागापाशी नेऊन "हा बघ, हा पिकरचा आवाज" असं सांगायचा मोह होईल. तू सांगितलंस तर ते मान हलवेल आणि त्याला काहीही ऐकू आलेलं नसेल. त्याऐवजी विचार: आवाज डावीकडं की उजवीकडं? प्रत्येक ठोक्याला की एकाआड? मघाशी एकटा ऐकला होतास तेव्हा होता का? उत्तर चुकलं तर तोच प्रश्न परत विचार आणि त्याच्या शेजारी उभा राहा. लक्ष कुणाला उसनं देता येत नाही, कुठं लावायचं एवढंच दाखवता येतं. बाकीचं त्याला कमवू दे.